पंचनामा लिहिता येतो का? : वेरूळची एक सराव-फाइल

सनद हाती आल्यावर पहिल्या वर्षी बहुतेक तरुण वकिलांच्या वाट्याला तालुक्याचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय येते. रिमांडला उभे राहायचे, जामिनाचा अर्ज लिहायचा, जप्त झालेली मोटारसायकल सोडवायची आणि चोरीच्या एखाद्या खटल्यात पंचाची उलटतपासणी घ्यायची. मूट कोर्टात त्यांनी घटनापीठासमोरचे युक्तिवाद केलेले असतात. तिथे वस्तुस्थिती छापून हातात मिळते आणि दोन्ही बाजूंना ती मान्य असते. खालच्या न्यायालयात सगळे भांडण त्या वस्तुस्थितीवरच चालते. फौजदारी कायद्याचे शिक्षण जिथे घटना घडली तिथून, म्हणजे फिर्याद आणि घटनास्थळ पंचनाम्यापासून सुरू व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. ते कसे करावे हे छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या विधी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या प्राध्यापकांना डोळ्यांपुढे ठेवून इथे सांगतो आहे.

अभ्यासक्रमात याला जागा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार मूट कोर्टाच्या पेपरमध्येच एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून नोंदी ठेवणे, पक्षकाराची मुलाखत आणि खटल्यापूर्वीची तयारी हे भाग येतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे. अडचण इतकीच, की हे सगळे सुटे सुटे होते. एका खटल्याची एक तारीख पाहिली, दुसऱ्याचा युक्तिवाद ऐकला, वही भरली. फिर्यादीतले एक वाक्य दीड वर्षाने साक्षीत कसे उलटते, हे सुट्या तारखांमधून दिसत नाही. म्हणून एकच काल्पनिक प्रकरण घ्या आणि ते एका शैक्षणिक वर्षात फिर्यादीपासून निकालपत्रापर्यंत न्या.

जागा म्हणून वेरूळ सुचवतो. शहरापासून साधारण ३० किलोमीटर. एका बाजूला ३४ लेणी, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली, १९८३ पासून जागतिक वारसा यादीत. पायी जाण्याच्या अंतरावर घृष्णेश्वराचे मंदिर, त्याचे व्यवस्थापन वेगळे. मध्ये रस्ता, वाहनतळ, दुकाने, गाव. पोलीस ठाणे खुलताबादचे, न्यायालयही खुलताबादला. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे जी गर्दी होते ती गुन्ह्याच्या तपासाला फार अवघड असते, कारण फिर्यादी, साक्षीदार आणि आरोपी तिघेही बाहेरगावचे असू शकतात आणि संध्याकाळपर्यंत तिघेही पांगतात. शिवाय गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढून जावे लागते. कपड्यांवरून ओळख सांगणाऱ्या साक्षीदाराला विचारायचा प्रश्न इथे आपोआप तयार होतो.

आता प्रकरण. हे पूर्णपणे कल्पित आहे आणि फाइलच्या पहिल्या पानावर तसे ठळक लिहा. वैजापूर तालुक्यातली एक मध्यमवयीन बाई श्रावणी सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास दर्शनाच्या रांगेत उभी आहे. गळ्यातली सोन्याची पोत जाते. मानेवर बारीक ओरखडा आहे. रांगेतल्या एका पुरुषाने निळ्या शर्टातला तरुण वाहनतळाकडे पळताना पाहिला आहे. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात काही सेकंदांचे चित्रण आहे. तिसऱ्या दिवशी एक संशयित पकडला जातो आणि त्याने दाखवलेल्या जागेतून पोत निघते. एवढेच. याहून जास्त कथा रचू नका, बाकीचे विद्यार्थ्यांच्या लिखाणातून उभे राहू द्या.

पहिला धडा फिर्यादीचा. फिर्यादीची भूमिका जिला दिली आहे तिला घटना तोंडी समजावून सांगा, कागद देऊ नका. ठाणे अंमलदार झालेल्या विद्यार्थ्याने तिचे ऐकून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली फिर्याद मराठीत लिहायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि तिला विनामूल्य प्रत द्यायची. हे काम चार जोड्यांना वेगवेगळ्या खोल्यांत करायला लावा आणि मग चारही फिर्यादी शेजारी ठेवा. बाई म्हणालेली असते, “मागून धक्का बसला अन् गळ्याला एकदम हिसका लागला.” कागदावर मात्र “अज्ञात इसमाने गर्दीचा फायदा घेऊन पोत चोरून नेली” असे आलेले दिसेल. तो हिसका कागदावरून गेला की गुन्ह्याचे कलमच बदलते.

कारण भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ साधी चोरी आहे आणि कलम ३०४ हिसकावून नेण्याचे. या दुसऱ्यात अचानक, झटकन किंवा जोर लावून वस्तू ओढली गेली पाहिजे. कटरने पोत अलगद कापली आणि बाईला नंतर कळले, तर कलम ३०४ टिकवणे कठीण. उलट मानेवरचा ओरखडा चोरी करण्यासाठी जाणीवपूर्वक केलेली दुखापत ठरला, तर कलम ३०९ ची जबरी चोरी होते आणि शिक्षा तीन वर्षांवरून दहा वर्षांपर्यंत जाते. तेवढ्याने तपासाची पद्धतही बदलते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत टप्प्याने लागू करायची आहे. कलम ३०४ राहिले, तर ती तरतूद लागत नाही. पोतीऐवजी बाराशे रुपयांचे पाकीट गेले असते आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असता, तर वस्तू परत केल्यावर सामुदायिक सेवेची शिक्षा झाली असती. या एका हिशेबी चर्चेसाठी पूर्ण तास द्या. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तिन्ही नवे कायदे लागू आहेत, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेखालीच चालत आहेत. तेव्हा जुना आणि नवा, दोन्ही कलमक्रमांक फाइलच्या समासात लिहायची सवय लावून घ्या.

पंचनाम्यावर मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. वेरूळला जायचे ते यासाठी. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळा. श्रावणातला सोमवारही टाळा, कारण गर्दीत तुमची लुडबुड कोणालाच नको असते. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे स्थानिक कार्यालय, मंदिराचे व्यवस्थापन आणि पोलीस ठाणे यांना महाविद्यालयाच्या पत्राने आधी कळवा. पोत हिसकावण्याचा प्रसंग तिथे करून दाखवू नका; खरीखुरी धावपळ होईल आणि कोणाला तरी इजा होईल. तो भाग महाविद्यालयाच्या मैदानावर करा. वेरूळला फक्त जागा मोजायची आणि लिहायची.

सोबत मोजपट्टी, होकायंत्र, पुठ्ठ्याला लावलेले कोरे कागद आणि घड्याळ असावे. चार जणांच्या गटात एक तपास अधिकारी, दोन पंच, एक कच्चा नकाशा काढणारा. पंचनामा सुरू केल्याची वेळ आधी लिहा, संपल्याची शेवटी. चतुःसीमा लिहा, म्हणजे पूर्वेस काय, पश्चिमेस काय. फिर्यादी कुठे उभी होती ती जागा तिनेच दाखवायची आणि तसा उल्लेख करायचा. मग अंतरे. रांगेच्या कठड्यापासून वाहनतळाच्या तोंडापर्यंत किती मीटर? मध्ये दुकानांच्या ताडपत्र्या आहेत का? साक्षीदार जिथे उभा होता तिथून वाहनतळ दिसतो का, की वळणाआड जातो? कॅमेरा किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे? “जवळच”, “थोड्या अंतरावर”, “परिसरात” हे शब्द वापरायला बंदी घाला. काही सापडले नाही तर तेही लिहायचे. जमिनीवर तुटलेले मणी नव्हते, ही नोंद बचावाच्या वकिलाला पुढे सोन्याइतकी मोलाची वाटेल आणि सरकारी वकिलाला तिचे उत्तर शोधावे लागेल.

पंच झालेल्या विद्यार्थ्यांना लिखाणात मदत करू देऊ नका. त्यांनी फक्त पाहावे, वाचून घ्यावे आणि सही करावी. सहा महिन्यांनी त्यांना कागद न दाखवता साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आहे. खऱ्या खटल्यांत पंच फितूर होतात तेव्हा त्यामागे दर वेळी पैसा किंवा दहशत असतेच असे नाही. पुष्कळदा माणसाने सहीपुरताच कागद पाहिलेला असतो आणि त्याला काही आठवत नसते. पंचाच्या जागी उभे राहिल्याशिवाय विद्यार्थ्याला हे समजत नाही.

त्याच भेटीत साक्षीदाराच्या नजरेचाही अभ्यास होतो. वेरूळच्या लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी आत सावली आणि दुपारनंतर उजेड. दहाव्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुतार झोपडी म्हणतात, अर्ध्या गटाने सकाळी आणि अर्ध्याने दुपारी पाच मिनिटे जावे. कोणाला काय पाहायचे ते आधी सांगू नका. बाहेर आल्यावर एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने लिहावे : आत किती माणसे होती, त्यांचे कपडे, कोण कुठे उभे होते, कोण आधी बाहेर पडले. मग सगळ्यांनी आपसात गप्पा माराव्यात. आठवड्याने महाविद्यालयात पुन्हा तेच लिहून घ्या आणि पहिल्या कागदाशी ताडून पाहा. दुसऱ्यांच्या बोलण्यातले तपशील आपल्या आठवणीत कसे शिरतात हे तेव्हा प्रत्येकाला स्वतःच्या अक्षरात दिसते. साक्षीदार खोटे बोलतो आहे आणि साक्षीदाराची चूक होते आहे, या दोन भूमिकांतून उलटतपासणीची दोन वेगळी रूपे निघतात. नव्या वकिलाने पहिली भूमिका घ्यायची घाई केली, तर न्यायाधीशांची सहानुभूती साक्षीदाराकडे जाते.

अटक आणि रिमांडसाठी एक पूर्ण दुपार ठेवा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे, हे पोलिसांनी लिहून ठेवले पाहिजे. एरवी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली हेच बजावले होते. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, हे नोव्हेंबर २०२५ मधल्या मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने सर्व गुन्ह्यांना लागू केले. तुमचा कल्पित आरोपी फक्त हिंदी समजतो असे धरा आणि मराठीत टंकलेल्या कारणांचे काय करायचे ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. २४ तासांचा हिशेब मिनिटांत मांडा : कुठे पकडला, खुलताबादला केव्हा आणला, दंडाधिकाऱ्यांपुढे केव्हा उभा केला. पोलीस कोठडीच्या मागणीत “अधिक तपास बाकी आहे” एवढेच लिहिले असेल, तर दंडाधिकारी झालेल्या विद्यार्थ्याने नेमका कोणता तपास, असे विचारलेच पाहिजे. इथे ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, ती तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा.

पोत कशी निघाली? आरोपीचे पोलिसांपुढचे कबुलीजबाब पुराव्यात येत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकानुसार ज्या विधानातून वस्तू सापडली तेवढाच भाग येतो. म्हणून निवेदन पंचनामा आणि जप्ती पंचनामा वेगवेगळे लिहायला लावा आणि मग लाल पेनाने ग्राह्य वाक्याभोवती चौकट काढा. “मी पोत हिसकावली” चौकटीबाहेर. “पोत घराच्या मागच्या पत्र्याखाली ठेवली आहे, चला दाखवतो” चौकटीत. १९४७ चा प्रिव्ही कौन्सिलचा पुलुकुरी कोट्टया निकाल आजही याच ठिकाणी वाचला जातो. ती जागा सर्वांना खुली होती का, मुद्देमालाला लाखेचे सील जागेवर लावले का, पंचांच्या सह्यांची पट्टी आत आहे का, सोनाराकडून वजन केले का, हे प्रश्न विद्यार्थ्यांना सुचेपर्यंत थांबा. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली आवश्यक आहे. ते एखाद्या फोनवर प्रत्यक्ष करा आणि ती फाइल न्यायालयापर्यंत कोणकोणत्या हातांतून जाईल ते लिहा.

दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण आणले की साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आलेच. अनुसूचीतल्या नमुन्याचे दोन भाग आहेत, भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश मूल्य लागते. याचा कायदा मराठवाड्याच्या एका प्रकरणातून पक्का झाला, हे इथल्या विद्यार्थ्याने अभिमानाने लक्षात ठेवावे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, यावर वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचा. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि पुढे अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या निकालात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही समोरचा अधिकारी ते देत नसेल, तर अशक्य गोष्टीचा आग्रह कायदा धरत नाही, हेही त्याच निकालात आहे. तुमच्या फाइलमधला दुकानदार प्रमाणपत्र द्यायला नकार देतो, असे करून पाहा. तपास अधिकारी कोणता अर्ज कोणाकडे करेल?

ओळख परेड थोडक्यात आटोपते, पण करा. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याने घ्यायची, एका संशयितासोबत निदान अर्धा डझन मिळतीजुळती माणसे उभी करायची, पोलीस त्या खोलीत नसावेत. संशयिताचा फोटो आधी मोबाइलवर फिरला असेल तर परेडची किंमत काय राहते, यावर वाद होऊ द्या.

मग खटला. साक्षी मराठीतच नोंदवा, कारण खालच्या न्यायालयांत तुम्हाला मराठीतच उलटतपासणी घ्यायची आहे आणि ते कौशल्य इंग्रजीतून उतरत नाही. सरतपासणीत सूचक प्रश्न चालत नाहीत, उलटतपासणीत चालतात, हे पुस्तकातून सर्वांना पाठ असते. अडते ते विसंगती सिद्ध करताना. साक्षीदार न्यायालयात म्हणतो, “त्याच्या डाव्या गालावर व्रण होता.” पोलिसांपुढच्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० च्या जबाबात व्रणाचा उल्लेखच नाही. हुशार विद्यार्थी इथे विजयी मुद्रेने खाली बसतो आणि मुद्दा वाया जातो. जबाब हा स्वतः पुरावा नाही. साक्षीदाराला विचारायला हवे : हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का? तो “हो, सांगितले होते; लिहिले का नाही ते सांगता येणार नाही” असे म्हणेल. ते नोंदले गेले पाहिजे. पुढे तपास अधिकारी साक्षीला आला की त्याला विचारायचे : हा साक्षीदार तुमच्यापुढे असे बोलला होता का? त्याने “नाही” म्हटले, तेव्हा ऑमिशन सिद्ध झाले. जबाबात वेगळेच काही लिहिलेले असेल तर तो नेमका भाग साक्षीदाराला वाचून दाखवायचा, त्याने नाकारला तर ‘भाग अ’ अशी खूण करून घ्यायची आणि तपास अधिकाऱ्याकडून तो शाबीत करायचा. त्याच संहितेचे कलम १८१ आणि साक्ष्य अधिनियमाचे कलम १४८ यांचे हे रोजचे काम आहे. १९५९ चा तहसीलदार सिंह निकाल त्यासोबत सावकाश वाचा. प्रत्येक विद्यार्थ्याने हा व्यवहार निदान एकदा पूर्ण करेपर्यंत निकालाकडे जाऊ नका.

सराव-फाइल चालू असतानाच खऱ्या न्यायालयात बसा. न्यायालय खुले असते. लैंगिक गुन्ह्यांसारखे बंद दालनातले खटले सोडले, तर मागच्या बाकावर बसायला कोणाची शिफारस लागत नाही. खुलताबादला दंडाधिकारी न्यायालय, शहरात सत्र न्यायालय आणि खंडपीठ, असा एकाच जिल्ह्यात तिन्ही पायऱ्यांचा प्रवास तुम्हाला पाहता येतो, आणि ही सोय फार थोड्या विद्यार्थ्यांना आहे. शिरस्तेदारांकडे बोर्ड पाहा, एकच खटला निवडा, त्याच्या लागोपाठच्या तारखांना जा, रोजनाम्यात काय लिहिले जाते ते समजून घ्या. विद्यार्थ्याला न्यायालयात वकील म्हणून उभे राहता येत नाही आणि पक्षकाराला परस्पर सल्ला देणेही टाळावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, ज्येष्ठ वकिलांच्या देखरेखीखाली काम मागा. हर्सूल मध्यवर्ती कारागृहातल्या न्यायाधीन बंद्यांची प्रकरणे पाहायची संधी मिळाली, तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ हाताशी ठेवा : पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर, काही अपवाद वगळता, तो सुटकेला पात्र ठरतो. हा हिशेब नीट मांडणारा विद्यार्थी एखाद्या घराची प्रतीक्षा संपवू शकतो. गोव्यात मिरामारच्या व्ही. एम. साळगावकर विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी गावोगावी विधी साहाय्य कक्ष चालवून दाखवले आहेत. खुलताबाद तालुक्यात तसा एक कक्ष का असू नये? खऱ्या फिर्यादी, आरोपी किंवा पीडितांची नावे तुमच्या वहीत आद्याक्षरांनीही नकोत.

ज्यांना याच जागेवर दुसरी, छोटी फाइल हवी असेल त्यांनी लेण्याच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्या पर्यटकाची घ्यावी. तिथे आधी १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा उघडावा लागतो. त्याच्या कलम ३० खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि स्मारक विद्रूप करणे हा दखलपात्र गुन्हा आहे. फिर्यादी पुरातत्त्व सर्वेक्षणाचा कर्मचारी असेल. नुकसान किती आणि ओरखडा जुना की नवा, हे कोण सांगेल, एवढ्या एका प्रश्नावर तज्ज्ञाच्या साक्षीचा पूर्ण धडा होतो. शहरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलवा. त्यांनाही पिंजऱ्यात उभे राहण्याची सवय लागते.

शेवटी निकालपत्र. ते बचाव पक्षाच्या वकिलाने लिहावे, पण आरोपीला दोषी धरून. आणि सरकारी वकिलाने निर्दोष धरून. प्रत्येक निष्कर्षापुढे निशाणी क्रमांक आणि साक्षीदार क्रमांक हवा. दोन्ही निकालपत्रे एखाद्या निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. मग मूळ फिर्याद, पंचनामा, नकाशा, जबाब आणि चित्रणाची प्रत असलेली फाइल निकालपत्रे काढून पुढच्या वर्षीच्या तुकडीकडे द्या. त्यांनी जूनमध्ये ती घेऊन वेरूळला जावे, त्याच कठड्यापाशी उभे राहावे आणि पंचनाम्यातले प्रत्येक अंतर पुन्हा मोजून काढावे.